कॉलेजपूर्व काळात कोणती साधने घ्यावीत आणि त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: शालेय शिक्षण संपले आहे, विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमाला सुरुवात व्हायला साधारण तीन महिने आहेत, आणि या काळात कोणती पुस्तके, संकेतस्थळे व ॲप वापरावीत. विचारणाऱ्या विद्यार्थ्याने सोबत असेही लिहिले आहे की फोनवर अभ्यासाची अकरा ॲप आहेत, पुढे पाहू म्हणून जतन केलेल्या व्हिडिओंची संख्या दोनशेच्या वर गेली आहे, आणि वाचलेले त्या दिवशी नीट समजते, परंतु आठवड्याने त्यातले फारसे काही आठवत नाही. मी गेली बावीस वर्षे पदवीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते आहे आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. साधनांची नावे मी पुढे देणार आहेच, पण ती कोणत्या कसोटीवर निवडायची हे आधी स्पष्ट झाले नाही, तर अकराची बारा ॲप होतील आणि अडचण तशीच राहील.

काही वर्षांपूर्वी पहिल्या चाचणीत नापास झालेला एक विद्यार्थी पाठ्यपुस्तक घेऊन माझ्याकडे आला. पुस्तकाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर पिवळ्या, गुलाबी आणि हिरव्या रेघा होत्या, आणि ते प्रकरण आपण चार वेळा वाचल्याचे तो सांगत होता, जे खरेच होते. मी पुस्तक मिटले, कोरा कागद पुढे केला आणि सीमेची (इंग्रजीत ‘लिमिट’) व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितली. तो बराच वेळ पेन धरून बसला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, येतंय मला, फक्त आत्ता आठवत नाहीये.’’ त्याच्या मेहनतीत काहीही खोट नव्हती. चार वाचनांनी त्याला ते पान ओळखीचे झाले होते आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा त्याचा प्रामाणिक समज झाला होता.

हा समज अतिशय सार्वत्रिक आहे. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कार्पिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत १७७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या अभ्यासाच्या पद्धती विचारल्या होत्या. त्यांपैकी ८४ टक्क्यांनी पुस्तक किंवा टिपणे पुन्हा वाचत असल्याचे सांगितले, तर पुस्तक मिटून आठवण्याचा सराव करत असल्याचे सांगणारे केवळ ११ टक्के होते. याच कार्पिकींनी हेन्री रोडिगर यांच्यासह २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी समजून घ्यावा. त्यात एका गटाने एक उतारा लागोपाठ चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो फक्त पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणाऱ्या गटाला उताऱ्यातील सुमारे ८३ टक्के मुद्दे आठवले आणि लिहिणाऱ्या गटाला ७१ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. तुमची तक्रार नेमकी हीच आहे: त्या दिवशी सगळे येते, आठवड्याने जाते. यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही, पद्धत तशी आहे म्हणून हे घडते.

यावरून साधन निवडण्याची कसोटी अशी निघते: ते साधन तुमच्याकडून उत्तर काढून घेते का, आणि तुमचे उत्तर चुकले तर ते कोठे चुकले हे दाखवते का? केवळ ऐकवणारे, दाखवणारे किंवा वाचायला देणारे साधन अभ्यासाच्या सुरुवातीला उपयोगाचे असते, परंतु तुमचा बहुतेक वेळ त्यावर जाता कामा नये. ही कसोटी लावली की ‘जतन केलेले व्हिडिओ’ ही यादी कितपत महत्त्वाची आहे, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे कोरा कागद. प्रकरणाचा एखादा भाग, साधारण पाच-सहा पाने, नीट वाचा. वाचताना काहीही अधोरेखित करू नका. मग पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दहा मिनिटांत जे आठवेल ते लिहा: व्याख्या, आकृती, एखादे उदाहरण, एका मुद्द्यावरून दुसऱ्या मुद्द्याकडे जाणारे कारण. हात थांबला तरी लगेच पुस्तकाकडे जाऊ नका. तिथे आणखी दोन मिनिटे थांबा, कारण त्या दोन मिनिटांच्या ओढाताणीतच बरेचसे काम होत असते. त्यानंतर पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले वेगळ्या शाईने त्याच कागदावर भरा आणि कोपऱ्यात तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी त्याच भागासाठी नवा कोरा कागद घ्या. वेगळ्या शाईची जागा प्रत्येक कागदावर कमी होत गेलेली दिसेल, आणि ज्या मुद्द्यावर ती कमी होत नाही तो मुद्दा तुम्हाला मुळातच समजलेला नाही, असे खुशाल धरावे. परीक्षा जितकी लांब असेल तितके दोन उजळण्यांमधले अंतर वाढवता येते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण आणि पाठांतर दुसऱ्या दिवसापुरते टिकते, पण पुढच्या सत्रात त्याच विषयाचा दुसरा भाग समोर येतो तेव्हा पाया रिकामा असतो.

सुरुवातीला हा प्रकार त्रासदायक वाटतो. कागद अर्धा रिकामा राहतो आणि ‘मला काहीच येत नाही’ असे वाटू लागते. माझे अनेक विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे सोडून पुन्हा वाचनाकडे वळतात, कारण वाचताना बरे वाटते. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की किमान तीन आठवडे सोडू नका.

आता ग्रंथ आणि संकेतस्थळांविषयी. मूळ पाठ्यपुस्तक हवे असेल तर अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा ‘ओपनस्टॅक्स’ हा उपक्रम पाहावा. २०१२ पासून तेथे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पातळीची भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, कलनशास्त्र (कॅल्क्युलस), संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र अशी पुस्तके संपूर्ण स्वरूपात, मोफत आणि मुक्त परवान्याखाली मिळतात. ती त्या त्या विषयाच्या प्राध्यापकांनी लिहिलेली आणि तपासलेली असतात. पुस्तक उतरवून घेतल्यावर पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. आधी प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न वाचा, जे येतील ते सोडवून पाहा, आणि जिथे अडाल तिथपासून वाचन सुरू करा.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली, आणि ‘ओपनकोर्सवेअर’ या नावाने आज तेथे अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रमांचे साहित्य आहे. बहुतेक जण तेथील व्याख्यानांचे व्हिडिओ पाहतात. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने सुंदर आहेत आणि ती जरूर ऐकावीत, यात वाद नाही. तथापि माझ्या दृष्टीने त्या संग्रहातला खरा ठेवा म्हणजे अनेक अभ्यासक्रमांसोबत ठेवलेले गृहपाठाचे संच, जुन्या परीक्षांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. व्याख्यान ऐकण्याआधी त्या आठवड्याच्या गृहपाठातला एक प्रश्न घेऊन वीस मिनिटे झुंजावे आणि मग व्याख्यान ऐकावे. आपण काय शोधत आहोत हे माहीत असलेल्या माणसाला तेच व्याख्यान वेगळे ऐकू येते.

शालेय अभ्यासातील कच्चे दुवे शोधण्यासाठी २००८ मध्ये स्थापन झालेली ‘खान अकॅडमी’ ही ना-नफा संस्था मला अजूनही सर्वांत उपयुक्त वाटते. तेथे व्हिडिओपासून सुरुवात न करता एखाद्या घटकाच्या किंवा पूर्ण अभ्यासक्रमाच्या चाचणीपासून करावी. गणितात कलनशास्त्र अवघड जाते असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फार मोठ्या भागाचे कलनशास्त्र कच्चे नसतेच. त्यांचे अपूर्णांक, घातांकांचे नियम आणि त्रिकोणमिती कच्ची असते. चाचणीत हे अर्ध्या तासात उघड होते. अशा वेळी दोन-तीन इयत्ता मागे जाण्यात कमीपणा मानू नये, कारण कॉलेजात मागे वळून पाहायला कोणीही वेळ देत नाही आणि हे तीन महिने त्यासाठीच आहेत.

फ्लॅशकार्डासाठी, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेल्या कार्डांसाठी, ‘अँकी’ हे ॲप आहे. २००६ पासून उपलब्ध असलेला हा संगणकीय प्रोग्रॅम प्रत्येक कार्ड तुम्हाला किती सहज आठवले त्यानुसार ते पुन्हा कधी दाखवायचे हे ठरवतो. अंतर ठेवून केलेल्या उजळणीची कल्पना जुनीच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हाही एका बैठकीत केलेल्या उजळणीपेक्षा अनेक दिवसांत वाटलेली उजळणी कमी श्रमांत टिकते हे त्यांना आढळले होते. अँकीचे यश मात्र कार्ड कसे लिहिले आहे यावर अवलंबून असते. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ हे वाईट कार्ड आहे, कारण त्याचे उत्तर पाच ओळींचे आहे आणि त्यातले अर्धे आठवले तर स्वतःला बरोबर म्हणावे की चूक, हे ठरत नाही. त्याऐवजी असे विचारावे: ‘प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून?’ उत्तर: पाण्यातून. पुढचे कार्ड: ‘हे कशावरून कळले?’ उत्तर: १९४१ मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक असलेले पाणी वापरून केलेल्या प्रयोगावरून. एका कार्डावर एकच गोष्ट आणि शक्यतो ‘का’ किंवा ‘कशावरून’ विचारणारा प्रश्न, एवढे पथ्य पाळले तरी घोकंपट्टी टळते. इतरांनी तयार केलेले हजारो कार्डांचे संच उतरवून घेण्याचा मोह होईल, तो टाळावा; कार्ड लिहिताना काय महत्त्वाचे आहे हे ठरवावे लागते, आणि तो निर्णय दुसऱ्याने घेतला की अभ्यासातला मोठा हिस्सा तुमच्या हातून निसटतो.

गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची उदाहरणे सोडवण्यासाठी एक वेगळी सूचना आहे. आपण एका प्रकारची वीस उदाहरणे सलग सोडवतो आणि मग दुसऱ्या प्रकाराकडे जातो. पाठ्यपुस्तकांतील स्वाध्यायही तसेच रचलेले असतात. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांची सरावाच्या वेळी ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि चारही प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. एका आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिल्या गटाला २० टक्के आणि दुसऱ्या गटाला ६३ टक्के यश मिळाले. याचे कारण उघड आहे: परीक्षेत उदाहरणावर ‘हे अमुक पद्धतीने सोडवा’ असे लिहिलेले नसते, पद्धत ओळखणे हाच प्रश्नाचा अर्धा भाग असतो, आणि सलग सरावात ते ओळखण्याची वेळच येत नाही. नवी पद्धत शिकताना पहिली चार-पाच उदाहरणे सलग सोडवावीत; त्यानंतर जुन्या प्रकरणांतली उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून, एकेक उचलावे.

या सरावासोबत चुकांची वही ठेवावी. नुसते बरोबर उत्तर उतरवून घेणे म्हणजे चुकांची वही नव्हे. समजा, तुम्ही √(क्ष²) = क्ष असे लिहिले आणि उत्तर चुकले. वहीत चार गोष्टी लिहा. मी काय केले: वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खोडले. ते मला बरोबर का वाटले: आजवर धन संख्याच समोर आल्या होत्या. ते का चूक आहे: क्ष = −३ घेतल्यास √९ म्हणजे ३ येते, −३ येत नाही, म्हणून उत्तर क्ष चे केवलमूल्य आहे. पुढच्या वेळी मला कशाने सावध व्हायचे आहे: वर्गमूळाखाली चलाचा वर्ग दिसला की चिन्ह तपासायचे. दुसरी ओळ सर्वांत मोलाची आहे आणि विद्यार्थी नेमकी तीच गाळतात. चूक ही बहुतेकदा एखाद्या जुन्या, अर्धवट खऱ्या नियमातून आलेली असते. तो नियम शोधून काढल्याशिवाय ती चूक वेगळ्या रूपात परत येते.

टिपणांविषयी थोडेच सांगते. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली पद्धत साधी आहे: पानाच्या डावीकडे साधारण अडीच इंचांचा समास सोडावा, व्याख्यानाच्या वेळी उजवीकडे लिहावे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी डाव्या समासात तो तो परिच्छेद ज्याचे उत्तर ठरेल असा प्रश्न लिहावा. उजळणीच्या वेळी उजवी बाजू झाकून केवळ डावीकडचे प्रश्न पाहायचे. वही तीच राहते, पण तिची प्रश्नपत्रिका होते. रंगीत शीर्षके, सुबक अक्षर आणि टिपणे दुसऱ्या वहीत पुन्हा उतरवणे यांवर जाणारे तास वाचवता येतील. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन कमी उपयुक्ततेच्या गटात पडले, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या दोनच पद्धती उच्च उपयुक्ततेच्या गटात आल्या. ‘मी पाहून शिकणारा आहे’, ‘मी ऐकून शिकणारी आहे’ अशा वर्गवारीवर आधारित प्रश्नावल्याही सोडून द्या. त्यानुसार शिकवल्याने शिकणे सुधारते याला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ मधील एका सविस्तर आढाव्यात दाखवले गेले आहे.

ज्यांचे शालेय शिक्षण एका भाषेत झाले आहे आणि कॉलेजचे दुसऱ्या भाषेत होणार आहे, त्यांच्यासाठी हा काळ फारच मोलाचा आहे. विषय येत असूनही केवळ भाषेमुळे मागे पडलेले आणि स्वतःला मंद समजू लागलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि ते पाहणे मला आजही जड जाते. शब्दकोश घेऊन शब्द पाठ करण्यापेक्षा तुमच्या विषयातील साधारण तीनशे पारिभाषिक शब्दांची दोन स्तंभांची वही करा आणि प्रत्येक शब्दासमोर नव्या भाषेत त्याचे एक संपूर्ण वाक्य लिहा. शब्द एकटा लक्षात राहत नाही. तो कोणत्या क्रियापदासोबत येतो, हे वाक्यातच कळते. तुम्हाला आधीपासून पक्के येत असलेले एखादे शालेय प्रकरण नव्या भाषेतील पुस्तकातून वाचणे हा दुसरा मार्ग. आशय ओळखीचा असल्यामुळे सारे लक्ष भाषेकडे देता येते. आणि समजून घेताना, विचार करताना, स्वतःला समजावताना मातृभाषा वापरण्यात काहीही गैर नाही. उत्तर लिहिण्याचा सराव तेवढा नव्या भाषेत करावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे संवादक (चॅटबॉट) आता सगळेच वापरतात, आणि ते वापरू नका असे मी म्हणणार नाही. क्रम मात्र सांभाळा. उदाहरण आधी स्वतः सोडवायचे, आपली पूर्ण मांडणी त्याला द्यायची आणि ‘उत्तर सांगू नकोस, पहिली चूक कोणत्या पायरीवर आहे तेवढे सांग’ असे विचारायचे. उत्तर आधी वाचले की पुन्हा तोच ओळखीचा भ्रम तयार होतो. शिवाय ही साधने चुकीची विधाने आणि अस्तित्वात नसलेले संदर्भ अत्यंत आत्मविश्वासाने देतात, म्हणून त्यांनी सुचवलेला प्रत्येक ग्रंथ किंवा लेख ग्रंथालयाच्या सूचीत अथवा संशोधनपर लेख शोधण्याच्या ‘गूगल स्कॉलर’ या संकेतस्थळावर प्रत्यक्ष सापडतो का, हे तपासल्याशिवाय वापरू नये. ग्रंथालयाचा उल्लेख आलाच आहे, तर कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांना भेटा. कोणत्या नियतकालिकांची आणि संग्रहांची सदस्यता संस्थेकडे आहे, हे विद्यार्थ्यांना अनेकदा शेवटच्या वर्षी कळते.

वेळापत्रकाबाबत माझा आग्रह कमी आहे. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही फ्रान्सेस्को चिरिलो यांची पद्धत सुरुवात करताना चालढकल होत असेल तर चांगली आहे. लांब सिद्धता वाचताना ती मध्येच तोडते, तेव्हा ती बाजूला ठेवावी. फोन दुसऱ्या खोलीत असावा. झोप आठ तासांपेक्षा कमी करू नये, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेतच होते.

तुमच्या अकरा ॲपऐवजी कोरा कागद, एक पाठ्यपुस्तक, एक चाचणी देणारे संकेतस्थळ आणि अँकी यांच्यापलीकडे काही लागेल, असे मला वाटत नाही. पहिल्या आठवड्यात फक्त चाचण्या द्या आणि कच्च्या घटकांची यादी करा; तोवर नवे काही वाचू नका. त्या यादीतला सर्वांत जुना, म्हणजे सर्वांत खालच्या इयत्तेतला घटक आधी घ्या. आणि एखाद्या शिक्षकाला विचारायला जाल तेव्हा ‘हे प्रकरण समजले नाही’ असे न म्हणता तुमचा तो अर्धा भरलेला कागद सोबत न्या आणि ‘इथपर्यंत मी आलो, या ओळीवरून पुढच्या ओळीवर कसे जायचे ते कळत नाही’ असे बोट ठेवून विचारा. माझ्यासमोर असा कागद आला की मला बहुधा पाच मिनिटांत सांगता येते की अडचण नेमकी कोणत्या ओळीत आहे.